घटात काय निघालं?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस मावळतीला लागला होता, तरी भेंडवळच्या शिवारातलं रान अजून तव्यासारखं तापलेलं होतं. नांगरून उन्हात पडलेली काळी जमीन, पायाखाली फुटणारी ढेकळं, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. त्या रानात चार-पाच माणसं वाकून काहीतरी मांडत होती. आम्ही बाकीचे अंतर राखून उभे होतो. मोठ्यानं कोणीच बोलत नव्हतं. तिफणीमागे चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी शांतता सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती.

मातीत एक मोठं गोल आखलं होतं. त्याच्या कडेनं धान्याच्या लहान लहान राशी पडत होत्या. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाटाणा, तीळ, जवस, करडी, अंबाडी, सरकी, भादली. असे आणि आणखी काही मिळून एकूण अठरा प्रकार. गोलाच्या मधोमध खड्डा होता आणि त्यात मातीची चार ढेकळं. ही चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर ठेवली. घागरीवर पुरी, आणि पापड, भजं, वडा, सांडोळी, कुरडई, करंजी. खाली पानाचा विडा आणि सुपारी. दिवस बुडाला तशी माणसं उठली, हात जोडले, आणि सगळे गावाकडे वळले. रात्रभर त्या रानात कोणी फिरकत नाही. पहाटे येऊन बघायचं की काय जागचं हललं आणि काय तसंच राहिलं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातली ही घटमांडणी साडेतीनशे वर्षांपासून चालत आल्याचं सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली आणि आजही वाघ घराण्यातच ती चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं सांगितलं जाणारं भाकीत दुपारपर्यंत विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या मोबाइलांवर फिरत असतं. माझ्या लहानपणी मोबाइल नव्हते. तेव्हा वडील आठवडी बाजारातून आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी शेजारचे विचारायचे, ‘काय निघालं घटात?’

ओरुरोपासून भेंडवळपर्यंत

संपादकांनी यंदा मला विषय दिला होता तो भलताच दूरचा, दक्षिण अमेरिकेतले सण आणि कार्निव्हल. मी वाचायला बसलो. बोलिव्हियातलं ओरुरो हे समुद्रसपाटीपासून जवळपास ३७०० मीटर उंचीवरचं खाणकामगारांचं शहर आहे. तिथल्या कार्निव्हलची मिरवणूक चार किलोमीटरची, पण ती संपायला वीस तास लागतात. अठ्ठावीस हजारांवर नर्तक आणि दहा हजार वादक तिच्यात असतात. शिंगांचे, बाहेर आलेल्या डोळ्यांचे सैतानी मुखवटे घालून लोक नाचत येतात आणि शेवटी खाणीच्या तोंडाशी असलेल्या मेरीमातेच्या देवळात गुडघे टेकतात. २००१ साली युनेस्कोनं या उत्सवाला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

तिथलाच ला पाझ शहरातला अलासितास हा सण मला त्याहून जवळचा वाटला. २४ जानेवारीला तिथं सगळ्या वस्तू बोटभर आकाराच्या विकायला येतात. इवलंसं घर, इवलंसं पोतं, इवल्या नोटांची गड्डी. वर्षभरात जे हवं, त्याची छोटी प्रतिकृती घ्यायची आणि तिला आशीर्वाद मिळवायचा. मोठं मागायचं तर आधी लहान मांडायचं, ही त्यामागची समजूत. मला तिथंच घट आठवला. गावाबाहेरच्या रानात आखलेलं ते गोल म्हणजे अख्खा मुलूखच लहान करून मांडलेला असतो. पुरी ही पृथ्वी, विडा हा राजा, करंजी ही तिजोरी, करडी हे देशाचं संरक्षण, मसूर हा शत्रू, भादली ही रोगराई, सांडोळी-कुरडई हा गुराढोरांचा चारा. पुरी नाहीशी झाली तर पृथ्वीवर संकट. विडा जागचा हलला नाही तर ‘राजा कायम’. हे दोन शब्द निवडणुकीच्या वर्षी टीव्हीवर दिवसभर वाजतात आणि पाऊसपाण्याचं बोलणं मागे पडतं. मला ते खटकतं. जमलेल्या शेतकऱ्यांना राजाची फिकीर फारशी नसते, ते जूनचं ढेकूळ भिजलं का ते विचारत असतात.

आणखी एक गोष्ट तिथं उभं राहिल्याशिवाय लक्षात आली नसती. घागर, कुरडई, सांडोळी, पापड, वडा, भजं हे सगळं त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी असतंच. आखाजी हा पितरांचा सण. कुंभाराकडून नवी घागर आणायची, ती भरायची, पुरणपोळी-कुरडईचं पान वाढायचं, वाडवडिलांची नावं घेऊन जेवू घालायचं. भेंडवळच्या घागरीवर ठेवतात तेही तेच पान आहे. ज्यांनी ही जमीन कसून ठेवली त्यांच्यापुढं वर्षाचं पान वाढायचं आणि सकाळी त्यांनी काय घेतलं, काय ठेवलं ते बघायचं. असं कोणी तिथं समजावून सांगत नाही, हा माझा मला लागलेला अर्थ. पण आमच्या घरच्या देवघरात आणि त्या रानात मला एकच वास आला. नव्या मातीच्या घागरीतल्या पाण्याचा.

कृत्तिकांचा उजेड

ज्या मजकुरामुळे मी पुस्तकं मिटून भेंडवळला निघालो, तो पेरू-बोलिव्हियातल्या बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल होता. अँडीज पर्वतातले हे लोक २४ जूनच्या सान हुआनच्या सणाच्या सुमारास पहाटे उंच कड्यावर चढतात आणि कृत्तिकांचा पुंजका बघतात. चांदण्या ठळक, मोठ्या, लखलखीत दिसल्या तर पाऊस वेळेवर. पुसट दिसल्या तर पाऊस उशिरा आणि थोडा. मग बटाट्याची लागवड पुढे ढकलायची. किमान चारशे वर्षं ही रीत चालू आहे.

तीन शास्त्रज्ञांनी, एक मानववंशशास्त्रज्ञ आणि दोन हवामानतज्ज्ञ, याचा छडा लावला आणि २००० साली ‘नेचर’मध्ये मांडला. ज्या वर्षी एल निनो असतो, त्या वर्षी जूनमध्ये त्या भागावर खूप उंचीवर पातळ ढगांचा पडदा असतो. साध्या डोळ्यांना ढग म्हणून तो दिसत नाही, पण चांदण्या त्यामागे मंदावतात. आणि एल निनोच्याच वर्षी पुढे ऑक्टोबरनंतरचा पाऊस तिकडे कमी पडतो. म्हणजे शेतकऱ्यांची परीक्षा बरोबर होती. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, खूण ठाऊक होती.

एल निनो हा शब्दही तिकडचाच. नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी कोमट होऊन मासळी दूर जायची, त्याला पेरूच्या कोळ्यांनी बाळ येशूचं नाव दिलं. त्या पाण्याचा आमच्या कपाशीशी संबंध आहे हे कळायला भारतातला दुष्काळ कारणीभूत झाला. १८९९चा मोसमी पाऊस पार फसला, वऱ्हाडासकट अर्धा देश होरपळला. त्यानंतर, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. मोसमी पावसाचा अंदाज आधी बांधता येईल का, या एकाच ध्यासानं त्यानं जगभरच्या नोंदी मागवल्या आणि भारतीय कारकुनांच्या मदतीनं आकडेमोडीचे डोंगर उपसले. त्यातून त्याला सापडलं की पॅसिफिकवरचा हवेचा दाब आणि हिंदी महासागरावरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखे हलतात, एक चढला की दुसरा उतरतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचं आणि आपल्या पावसाचं नातं असं कागदावर आलं. नातं आहे, पण सक्त नियम नाही. १९९७ साली एल निनो जबरदस्त होता, तरी आपला पाऊस सरासरी गाठून गेला.

मग भेंडवळच्या घटातही असं काही दडलेलं असेल का? या आशेनंच मी गेलो होतो. दोन दिवस राहिलो, घागर बघितली, ढेकळं बघितली. माझं मत सरळ सांगतो. मला तसा धागा दिसला नाही. मातीची घागर पाझरते. किती पाझरते हे तिच्या भाजणीवर आणि रात्रीच्या हवेवर ठरतं, आणि कोणतं ढेकूळ ओलं होतं हे घागर कुठं टेकली यावर. धान्याचे दाणे मुंग्या नेतात, उंदीर नेतात, वारा हलवतो. यातल्या कशाचाही सप्टेंबरच्या पावसाशी संबंध जोडता येत नाही. अँडीजचा शेतकरी आभाळाकडे बघतो, आणि पावसाची खूण त्या आभाळातच होती. आपण जमिनीवर बघतो. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ घटावर आक्षेप घेत आली आहे आणि भाकितापुरता तो आक्षेप मला मान्य आहे.

तरीही घट विचारतो ते प्रश्न मला फार अचूक वाटतात. पहिल्या महिन्यात किती, दुसऱ्यात किती? पेरलेलं टिकेल का? भाव तेजीत की मंदीत? चारा पुरेल का? हवामान खातं एप्रिलमध्ये पहिला अंदाज देतं तो देशभराचा. २०२५च्या एप्रिलमध्ये तो दीर्घकालीन सरासरीच्या १०५ टक्के होता, आणि ही सरासरी ८७ सेंटिमीटर. जळगाव जामोदच्या शेतकऱ्यानं या आकड्याचं करायचं काय? त्याच्या तालुक्यात २२ जुलै २०२३ला एका दिवसात एवढा पाऊस कोसळला की जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या नदीकाठची शेतं मातीसकट वाहून गेली. लगेच पुढचा ऑगस्ट १९०१पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाची बेरीज मांडली तर या दोन संकटांपैकी एकही दिसणार नाही.

त्यात हा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. विहीर खोदून दुष्काळ टाळता येत नाही, म्हणून इथल्या माणसाची नजर आभाळावर जास्त खिळलेली. बुलडाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असं बोलतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. एकाच जिल्ह्यात पाण्याची तऱ्हा दोन, आणि सणांचीही.

नारळांची होळी

घाटावरच्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीला मी आखाजीच्या दीड महिना आधी, होळीला जाऊन आलो होतो. सैलानी बाबांचा दर्गा तिथं आहे. होळीच्या दिवशी तिथं लाकडांऐवजी नारळांची होळी पेटते. ट्रॉल्या भरभरून नारळ येतात. माणसं नारळ स्वतःवरून, आजाऱ्यावरून, लेकरावरून उतरवतात आणि ढिगात फेकतात. सोबत अंगावरचे जुने कपडे, लिंबू, काळ्या बाहुल्या, टाचण्या टोचलेल्या कापडी गाठी. संध्याकाळी पेटवलं की शेंड्यांचा भडका होतो आणि करवंट्या फुटल्याचे आवाज टेकडीवर घुमत राहतात. धुरात तेलाचा उग्र वास. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे एकाच आगीभोवती. पुढे रंगपंचमीच्या सुमारास पिंपळगाव सराईहून संदल निघतो तो उंटिणीवरून.

इथला उत्सव पाहताना ओरुरोचे सैतान आठवले. तिथला खाणकामगार ज्याला भितो त्याचाच मुखवटा चढवून नाचतो. इथं माणसं भीतीला कपड्यात बांधून आगीत टाकतात. रात्रभर अंगात येणं चालू असतं. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बायका मी बघत होतो. त्यातल्या कितीतरी जणींना वर्षातून एवढ्याच वेळी मोठ्यानं ओरडायची मुभा मिळत असेल. कोणी त्यांना गप्प करत नाही. सासर-माहेरची चार माणसं भोवती धीर देत बसलेली असतात. याला नुसतं खूळ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

पण एक दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. राहुट्यांच्या रांगेत एक विशीचा मुलगा बसला होता. घोट्याला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाची किल्ली आईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. ती त्याला भाकरीचा घास भरवत होती आणि दर घासाला त्याच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारत होती. तिच्या मायेबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. घोट्याची कातडी मात्र सोललेली होती.

मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधणं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पूर्ण बंद केलं आहे. साखळीचा अर्थ काय होतो हे तामिळनाडूतल्या एरवाडीनं ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे दाखवलं. दर्ग्याजवळच्या मुक्कामी झोपडीला आग लागली आणि बांधून ठेवलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळाली. सैलानीच्या भडक्यासमोर उभं असताना मला हे विसरता आलं नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकत्र देण्याचा प्रयोग झाला. मुजावरांनीच रोग्याला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवायचं, गोळी घेऊन पुन्हा दर्ग्यात यायचं. श्रद्धेला धक्का नाही आणि उपचारही सुरू. सैलानीत याची गरज आहे, यात्रेच्या आठवड्यापुरती नाही, बाराही महिने. त्या आईला डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं असेल तर ती जिथं विश्वासानं येते तिथंच डॉक्टरनं बसायला हवं.

पंगती आणि पुस्तकं

बुलडाण्याच्या सगळ्या यात्रा अशा अंधाराशी झुंजणाऱ्या नाहीत. शेगावला माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन होतो. १८७८च्या त्या दिवशी ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना दिसले, ही कथा इथं पोराटोरांना पाठ आहे. अन्न टाकायचं नाही हा धडा त्या गावानं असा घेतला की प्रसादालयात हजारोंची पंगत उठते आणि पानात फारसं काही उरत नाही.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाची पंगत तर बघण्यासारखी. विवेकानंद जयंतीला शुकदास महाराजांच्या आश्रमात लाखो माणसं मोकळ्या रानात ओळीनं बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी. ओळी इतक्या लांब की हातानं वाढत गेलं तर दिवस मावळेल, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळींमधून फिरतात आणि वाढपी वाढत सुटतात. वांगी परिसरातल्या शेतांतली, ट्रॅक्टर गावोगावचे, पुऱ्या लाटणारे हात घरोघरचे. भुकेचा विषय निघाला की आमचा जिल्हा एकदम शिस्तीत येतो.

आणि सिंदखेडराजा. १२ जानेवारीला लखुजी जाधवांच्या वाड्यापुढं जिजाऊंचा जन्मोत्सव भरतो. जिजाऊंचा जन्म इथला, १५९८चा. या जत्रेत पाळणे-खेळणी कमी आणि पुस्तकांच्या पालांच्या रांगा जास्त. डोक्याला फेटा बांधलेल्या मुली पुस्तकाची किंमत करताना, वडील पैसे मोजताना मी पाहिले. महाराष्ट्रात पुस्तकांची एवढी खरेदी खेड्यापाड्यातली माणसं एका दिवसात आणखी कुठं करत असतील असं मला वाटत नाही.

पहाटेची गर्दी

भेंडवळला पहाटे साडेचारला जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजानं. ओसरीवरून उठून बाहेर आलो तर रस्ता मोटरसायकलींच्या दिव्यांनी भरलेला. खानदेशातून, मराठवाड्यातून रातोरात निघालेली माणसं. रानात पोहोचेपर्यंत फटफटलं होतं. दोऱ्यांच्या पलीकडे घट तसाच होता. वाघ घराण्यातली माणसं आत गेली, वाकून एकेक रास बघू लागली. कोणते दाणे आत सरकले, कोणते बाहेर. घागर काढली, ढेकळं हातात घेतली.

मग एकेक उच्चार. ‘साधारण.’ ‘मोघम.’ ‘चांगलं.’ ‘तेजी.’ प्रत्येक शब्दाला गर्दीतून एक हुंकार. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होते. महिने एका बाजूला, पिकं दुसऱ्या बाजूला. वहीची आधीची पानं मी मागून बघितली. मागच्या पाच-सहा आखाज्यांची भाकितं तशीच लिहिलेली होती, आणि दरेकापुढं दिवाळीनंतर वेगळ्या शाईनं टाकलेली खूण, बरोबर किंवा फुली. फुल्या भरपूर होत्या. तरी ते आले होते, आणि पुढच्या वर्षीही येणार होते.

त्या वहीत मला अँडीजच्या कड्यावर पहाटे चढणारा शेतकरी दिसला. तिथली खूण चारशे वर्षं टिकली, कारण ती दर हंगामाला पिकानं तपासली. आपल्याकडे आता बहुतेक महसूल मंडळांत पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र आहे, शाळा आहेत, भूगोल शिकवणारे शिक्षक आहेत. माझी मागणी एवढीच आहे की भेंडवळ, आसपासची गावं आणि जळगाव जामोदच्या शाळा-महाविद्यालयांनी मिळून ती वही सार्वजनिक करावी. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घटाचं भाकीत लिहावं, शेजारी हवामान खात्याचा अंदाज लिहावा, आणि ३० सप्टेंबरनंतर मंडळाचा प्रत्यक्ष पाऊस महिन्यावार लिहावा. वाघ घराण्याचा मान त्यानं कमी होणार नाही. शेतकऱ्याला मात्र दहा वर्षांत कळेल की बियाण्याचे पैसे कोणाच्या शब्दावर लावायचे. हवामान खात्यालाही कळेल की त्याचा अंदाज या रानात उभ्या असलेल्या माणसाला किती उपयोगी पडतो.

पुढच्या आखाजीला जाणार असाल तर रेल्वेनं नांदुऱ्याला उतरा, तिथून जळगाव जामोदची गाडी मिळते. आखाजीच्या संध्याकाळी मांडणी बघा आणि रात्री गावातच मुक्काम करा. उजाडायच्या आत रानात पोहोचलात तर पुढं उभं राहता येतं. जाताना एक वही सोबत न्या.